पिवळ्या फरशीचे चाचा

आंधळ्या माणसावर संशय घेऊ नये, पाप लागतं, असं माझी आई म्हणते. ते पाप मी आठ महिने केलं, आठवड्यातून तीन दिवस, आणि त्याचा पगारही घेतला.

संशय आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. वरवंडला हायवेच्या कडेला वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं खिळा हातात आणून दाखवला तरी टायर पाण्यात बुडवून बुडबुडा बघितल्याशिवाय वडील मान हलवत नाहीत. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि शिरूरच्या एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा हा गुण कामी आला. वाळूत माती असणार, सळई कमी जाडीची असणार, गवंडी जेवायला म्हणून गेलाय तो घरी जाऊन झोपला असणार, असं धरूनच मी सकाळी साइटवर पाय ठेवायची. आमचे ठेकेदार आप्पा सगळ्यांना सांगायचे, "पोरगी कडू हाय, पण कामाची हाय."

अशा माझ्या वाट्याला चाचा आले, म्हणजे शेरास सव्वाशेर.

शिरूरजवळ एका संस्थेचं अंध मुलींचं वसतिगृह आहे. तिथून शाळेत आणि शाळेवरून पुढे एसटीच्या थांब्यापर्यंत मुलींना कुणाचा हात न धरता जाता यावं, म्हणून एक वाट बांधायची होती. पायाला कळेल अशी फरशी, हाताला कळेल असा कठडा, वळणावर नाकाला कळेल असं झाड. पैसे देणाऱ्यांनी एक अट घातली होती. काम झालं की एका अंध माणसानं सगळी वाट एकट्यानं चालून बघायची आणि सही करायची. त्याची सही नाही, तर काम पास नाही. त्यासाठी संस्थेनं दौंडहून चाचांना बोलावलं, तेही काम सुरू असतानाच, आठवड्यातून तीन दिवस. रेल्वेतून निवृत्त, साठी ओलांडलेली, पंधरा वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. एवढी माहिती आणि त्यांच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स माझ्या फायलीत लावलेली होती.

पहिल्या दिवशी ते एसटीतून उतरले ते दृश्य मी विसरणार नाही. दौंडच्या स्टँडवर चाची त्यांना गाडीत बसवून द्यायच्या आणि इकडे थांब्यावर कंडक्टर उतरवून द्यायचा. पांढरा शर्ट, अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा, खांद्याला शबनम. खाली उतरल्यावर त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली, झटकली आणि शबनममध्ये टाकली. उजवी पायातच. मला वाटलं, अंगठा तुटला असेल. म्हटलं, "चाचा, चप्पल शिवून आणू का?"

"कशाला? डावा पाय वाचायला हाय, उजवा चालायला. दोन्ही पायांनी वाचत बसलो तर पोचायचो कवा?"

हे बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. बोलताना ते नेहमी उजवीकडे मान वळवायचे. आपण समोर उभे आणि चाचा बोलतायत शेजारच्या विटांच्या ढिगाशी. आधी मला तो अपमान वाटला, मग सवय झाली, आणि मग त्याचाही संशय आला.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी त्यांचा एक स्टीलचा चमचा असायचा. आदल्या दिवशी बसवलेल्या फरशीवर ते उकिडवे बसत आणि एकेका फरशीला चमच्यानं टिचकी मारत पुढे सरकत. "भरलेली. भरलेली. भरलेली. पोकळ, काढ." आमचा फरशीचा मिस्त्री राहू गावचा. हाताचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. तो एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, माझ्या सासऱ्यानं पोरगी देताना एवढं ठोकून बघितलं न्हवतं मला."

"बघायला पायजे व्हतं," चाचा म्हणाले आणि पुढच्या फरशीला टिचकी मारली. ती पोकळ निघाली.

त्यांचा जगात कुणावर विश्वास नव्हता. खुर्ची दिली तर बसायच्या आधी ती बोटाच्या पेरानं वाजवून बघत. चहाचा कप कानाशी नेऊन टिचकी मारत आणि म्हणत, "अर्धाच हाय. बाकीचा कुणी पिला?" कुणी "चाचा, इकडून या" म्हटलं की हटकून तिकडून जात, कारण तिकडे काहीतरी लपवलेलं असणार अशी त्यांची खात्री. आणि कबूल करायला हवं, बहुतेक वेळा असायचं. एकदा फुटलेलं कमोड होतं, एकदा पत्ते खेळत बसलेले तीन बिगारी. "आधी संशय, मग पाऊल," हे त्यांचं वाक्य मिस्त्रीनं पेन्सिलीनं सिमेंटच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवलं होतं.

पुण्याच्या आर्किटेक्टबाईंनी नकाशात एक सुगंधी दालन काढलं होतं. मोगरा, जाई, सोनचाफा, गवती चहा, पुदिना, सगळं एकाच गोलात. आम्ही रोपं लावली. चाचा त्या गोलाच्या मध्ये उभे राहिले, नाक वर केलं आणि शिंकले. "ह्ये अत्तराचं दुकान झालं. लग्नाला जायचं आसंल तर ठीक हाय. पोरींना शाळंत जायचंय. एका वळणाला एकच वास ठेवा. आन् त्यो बारा महिने पायजे. मोगरा उन्हाळ्यात फुलणार. मग पावसाळ्यात पोरींनी काय करायचं, वर्गातच ऱ्हायचं?" मोगरा गेला. शाळेच्या वळणाला कढीपत्ता आला, थांब्याच्या वळणाला गवती चहा. येता-जाता हात लागला तरी वास देतात, फुलायची वाट बघत नाहीत.

शाळेच्या दाराशी कारंजं होतं, पाण्याच्या आवाजावरून दार ओळखावं म्हणून. चाचांनी विचारलं, "मोटार जळली की?" आर्किटेक्टबाई म्हणाल्या, दुरुस्त करतील. "तवर दार कुठं गेलं म्हणायचं?" शेवटी दारासमोर नुसतं दहा फुटांचं पत्र्याचं छप्पर टाकलं. डोक्यावर पत्रा आला की आपल्याच पावलांचा आवाज बदलतो. मी डोळे मिटून चालून बघितलं, खरंच बदलतो. चाचा म्हणाले, "याला लाइट लागत न्हाई आन् पाणीपट्टी बी न्हाई."

फरशीची गंमत तर वेगळीच झाली. ही फरशी दोन प्रकारची असते. उभ्या पट्ट्यांची म्हणजे सरळ चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे वळण किंवा पायरी आहे. मी दोन दिवस रजेवर होते. तेवढ्यात मिस्त्रीनं मन लावून मध्ये पट्ट्या घातल्या, दोन्ही बाजूंनी साडीच्या काठासारखे ठिपके घातले आणि दर दहा फुटांवर ठिपक्यांचं एक फूल काढलं. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी कौतुकानं फोटो काढला. चाचांनी डावा पाय ठेवला आणि जागेवरच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब म्हणतीय." मग एक पाऊल. "आता चल म्हणतीय. आता थांब. चल. थांब. इंजिनेरबाई, ही वाट हाय का सासू हाय?"

सगळी फरशी उखडली. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, चाचांशी मात्र बोलत होता.

एकदा चहाच्या वेळी त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलणारे. नजर उतरायला लागली तेव्हा कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांच्या तपासणीचा अक्षरांचा तक्ता त्यांनी आधीच पाठ करून ठेवला होता. एक वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी डॉक्टरनं तक्ता बदलला आणि चाचांनी जुनाच तक्ता खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. मग त्यांना रुळांवरून काढून टेबलापाशी बसवलं. "त्या वर्षात कुणाला काही झालं न्हाई ही अल्लाची मेहरबानी," ते म्हणाले. "मी डोळ्यांच्या बाबतीत खोटं बोललेला माणूस हाय, म्हणून मला दुसऱ्याचं खोटं लगेच कळतं."

सगळे हसले. मी हसले नाही. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलणार नाही कशावरून, हा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला.

आणि मग मला दिसायला लागलं. एक दिवस वाटेत जेसीबी बंद करून उभा होता, ड्रायव्हर चहाला गेलेला. चाचा थांब्यावरून आले. काठी लागण्याच्या कितीतरी आधी ते डावीकडे वळले आणि जेसीबीला वळसा घालून आले. विचारलं तर म्हणाले, "डिझेलचा वास." दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री नवा पिवळाधमक गमछा बांधून आला. चाचा दहा फुटांवरून म्हणाले, "आज लग्नाला आलास का कामाला?" विचारलं तर म्हणाले, "नव्या कापडाचा वास." प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडे तयार. संशयी माणसाला तयार उत्तराइतकं दुसरं काही खुपत नाही.

काम संपत आलं तेव्हा रंगावरून ठिणगी पडली. तोवर आम्ही पिवळी फरशी घालत होतो. अध्यक्षबाईंना ती शाळेच्या नव्या दगडी इमारतीपुढे भडक वाटायला लागली. आप्पांकडे राखाडी फरशी पडून होती. त्याच पट्ट्या, तेच ठिपके. आप्पांनी लगेच शाळेसमोरच्या तुकड्यात ती बसवली आणि बाकीचीही बदलतो म्हणाले. चाचांनी डावा पाय ठेवला. "कंच्या रंगाची?"

"राखाडी," मी सांगितलं.

"पिवळी लावा."

आप्पा हसले. "चाचा, आंधळ्याला रंगाचं काय करायचंय?"

चाचांनी मान उजवीकडे वळवली. "होस्टेलातल्या निम्म्या पोरींना थोडं थोडं दिसतं. भडक रंग कळतो. राखाडी फरशी आन् डांबर त्यांना एकच."

अध्यक्षबाई भल्या बाई. त्या स्वतः वसतिगृहात गेल्या आणि सगळ्या मुलींना समोर बसवून विचारलं, कुणाला रंग दिसतो का? एकाही मुलीनं हात वर केला नाही. चाचांना हे कळवलं तर म्हणाले, "पिवळी न्हाई तर सही न्हाई."

त्या संध्याकाळी आप्पांनी मला बाजूला घेतलं. "म्हातारा आंधळा न्हाई. मला पयल्यापासनं डाउट हाय. त्याचं सोंग उघडं पाड. एकदा सोंग निघालं की दुसऱ्या कुणाचीबी सही चालंल."

मला आप्पांनी सांगायची गरज नव्हती. मी ते दोन महिन्यांपासून ठरवत होते.

वाट तपासताना चाचा काठी काखेत धरायचे. काठीनं चाललं तर काठी पास होते, वाट नाही, असं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगाची एक मोठी रिकामी बादली वाटेच्या बरोबर मध्ये ठेवली आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. बादली पिवळी होती. मुद्दाम नाही, हाताला तीच लागली. चाचा झपाझप आले. तीन पावलं राहिली असताना ते अर्धा क्षण थबकले, असं मला वाटलं. मग सरळ चालत आले आणि बादलीवर आदळून हातापायावर कोसळले. चष्मा लांब उडाला. गुडघा फुटला, मनगट सुजलं. आणि जमिनीवर पडल्या पडल्याही त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

मी धावत जाऊन त्यांना उठवलं, चष्मा पुसून हातात दिला. आप्पांना मी त्याच दुपारी ठणकावून सांगितलं, "आंधळेच आहेत ते. पुन्हा हा विषय नको."

पुढच्या खेपेला चाची बरोबर आल्या. चाचांचा हात गळ्यात बांधलेला. चाची ठेंगण्या, बारीक, बोलायला तुटक. त्यांनी साइटवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "हितं डोळस माणसं किती हायत कामाला?"

"सात-आठ," मी म्हणाले.

"आन् बादली कुणालाच दिसली न्हाई?"

मी त्यांना पाणी आणायला गेले, ते बराच वेळ आणत राहिले.

सहीचा दिवस आला. शाळेच्या हॉलमध्ये अध्यक्षबाई, संस्थेचे चार-पाच सभासद, आप्पा, मी आणि मागे सतरंजीवर वसतिगृहाच्या मुली. कागद पुढे केला. चाचांनी हात लावला नाही. अध्यक्षबाई समजुतीनं म्हणाल्या, "चाचा, मुलींना विचारलं, त्या काही म्हणत नाहीत. तुम्हाला तर काहीच दिसत नाही. मग हट्ट कुणासाठी?"

चाचांनी चष्मा काढला आणि डोळे उघडले. आठ महिन्यांत मी त्यांचे डोळे पहिल्यांदा बघत होते.

"मला पिवळं दिसतं," ते म्हणाले.

"डाव्या डोळ्याला, कडंनं, म्हणून मान उजवीकडं वळवतो. समोरचं न्हाई दिसत. माणसाचं तोंड न्हाई दिसत. पिवळं तेवढं उजेडात भगभगतं. जेसीबी दिसला व्हता. मिस्त्रीचा गमछा दिसला व्हता. इंजिनेरबाईंनी मधी ठेवलेली बादली बी दिसली."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"दिसली तर पडलात कशाला?" आप्पांनी विचारलं.

"पडलो नसतो तर तुम्ही मला आंधळा म्हणला असता का?" मग ते मागच्या सतरंजीकडे वळले. "ह्या पोरी बी बोलायच्या न्हाईत. जरा दिसतं म्हणलं की सर्टिफिकेट जातं, होस्टेल जातं, असं घरनं बजावून धाडलंय त्यांना. मला कुणी बजावलं न्हवतं, माझं मीच धरून चाललोय पंधरा वर्षं. आता जाणार ते सर्टिफिकेट. जाऊ द्या. वाट पिवळी करा."

मागून निमोण्याची एक मुलगी उभी राहिली. नववीतली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. "मला बी दिसतं, चाचा," ती म्हणाली. "पिवळं आन् पांढरं." तिच्या शेजारची उठली. मग पलीकडची. अध्यक्षबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आप्पा मात्र टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! मी म्हणलंच व्हतं, सोंग हाय!" आणि सभासदांपैकी दोघांचं म्हणणं पडलं की सर्टिफिकेट खोटं असेल तर ह्या माणसाची सही चालणार नाही, आणि संस्थेचं नाव जाईल ते वेगळंच. पुण्याला मोठ्या दवाखान्यात फेरतपासणी करायची ठरली. बरोबर कोण जाणार म्हटल्यावर मीच हात वर केला.

बसमध्ये मी म्हणाले, "चाचा, त्या बादलीचं…"

"मोठी व्हती," ते म्हणाले. "लहान ठेवायची. कमी लागलं आसतं."

दवाखान्यात दोन तास तपासण्या चालल्या. चाचा तळहात गुडघ्यांवर ठेवून, शिक्षेला बसल्यासारखे बसले होते. शेवटी डॉक्टरबाईंनी त्यांचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं, "फेरतपासणी कशासाठी? हे सगळं यात लिहिलेलंच आहे की." खाली बारीक इंग्रजीत एक ओळ होती. डाव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूनं थोडी नजर शिल्लक. "तेवढी असूनही हे कायद्यानं अंधच आहेत. काहीच दिसायला नको, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

पंधरा वर्षं चाचांनी तो कागद कंडक्टरला, बँकेत, कचेरीत दाखवला होता. सगळ्यांनी फोटो बघितला, टक्के बघितले आणि परत दिला. घरी तो वाचून दाखवायला त्यांनी भीतीपोटी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी? वाळू मुठीत घेऊन चोळून बघणारी मी, माझ्या फायलीत पहिल्याच पानावर ती झेरॉक्स होती. मी टक्क्यांच्या खाली वाचलंच नव्हतं. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

डॉक्टरबाई चाचांना म्हणाल्या, "हे लपवून का ठेवत होतात? उरलेली नजर वापरायची असते. कशी वापरायची ते शिकवतो आम्ही."

"अजून हाय ना ती?" चाचांनी विचारलं.

"आहे. पूर्वीपेक्षा कमी झाली असेल, पण आहे."

पुढचं सगळं चांगलं झालं, ते आधीच सांगून टाकते. राखाडी फरशी निघाली. वाट थांब्यापर्यंत पिवळी झाली, आजही आहे. चाचांनी ती एका पायात चप्पल घालून चालून बघितली, दोन पोकळ फरश्या काढायला लावल्या आणि मग सही केली. आप्पांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. थोडं दिसणाऱ्या मुलींचीही जागा जाणार नाही, असं अध्यक्षबाईंनी वसतिगृहात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोक अजून मला विचारतात, तो आंधळा म्हातारा कसा होता, आणि मी चमच्याची आणि सासूची गोष्ट सांगते. हसतात सगळे. दवाखान्यातून परतलो त्या दुपारची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

त्यांचं घर दौंडला, रुळांच्या जवळ. दोन खोल्या. चाचांनी चष्मा खिशात घातला होता आणि वाटेत त्यांची मान भिरभिरत होती. हे पिवळं काय, रिक्षा का? ते काय, केळ्यांची गाडी का? मला घरात ओढूनच नेलं. "तुम्ही सांगा तिला. माझ्या एकट्याचं तिला पटायचं न्हाई."

मी सांगितलं. चाची हातात तांब्या घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या.

"सर्टिफिकेट ऱ्हायलं न्हवं?" त्यांनी पहिलं विचारलं.

"राहिलं," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. माझ्या पेल्यात पाणी ओतलं. मग चाचांना विचारलं, "कवापासनं दिसतंय?"

"गेलंच न्हवतं कवा. तेवढं ऱ्हायलं व्हतं."

"मला बी न्हाई सांगितलं."

"तू शेजारी बोलली आसतीस."

"व्हय. बोलले आसते." बाहेरून एक मालगाडी गेली. मग त्या माझ्याकडे बघून बोलायला लागल्या, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "मॅडम, यांचे डोळे गेले तवा दोन्ही पोरं कॉलेजात व्हती. पगार थोडका झाला. पोरं आधी जेवून जायची. मागं डाळ एका वाटीपुरती ऱ्हायची. ती मी यांच्या ताटात घालायचे. ह्ये रोज इचारायचे, तू घेतलीस का? मी म्हणायचे, घेतली. कोरडी भाकरी आन् मिरची घेऊन मी यांच्या समोरच बसायचे. मनात म्हणायचे, दिसतंय कुणाला."

चाचांचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला.

"डाळ पिवळी असती," चाची म्हणाल्या. आता त्या चाचांकडे बघत होत्या. "तुमच्या ताटात व्हती, माझ्या ताटात न्हवती. ते दिसत व्हतं का?"

दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्राला ह्याचं उत्तर काढता आलं नसतं. किती दिसायचं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. मला मनापासून वाटलं की आता खोटं बोला चाचा, आजच्या दिवस बोला.

"दिसायचं," चाचा म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"आन् तुम्ही जेवायचा."

"जेवायचो."

चाचींनी माझ्या हातातला पेला घेतला. पाणी अजून निम्मं होतं. "निघा तुम्ही मॅडम," त्या म्हणाल्या. "शिरूरची गाडी चुकंल."

गाडीला अजून दोन तास होते. मी उठले आणि चप्पल घातली.